जपानी अ‍ॅम्प्लिफायर आणि घरचा प्लग

प्रश्न : मला हवा असलेला अ‍ॅम्प्लिफायर फक्त जपानमध्ये विकला जातो आणि दुकानदार देशाबाहेर पाठवत नाही. मध्यस्थामार्फत मागवावा का? घरी वीज २३० व्होल्टची आहे.

उत्तर : मागवा, पण आधी यंत्राच्या पाठीचा फोटो मागा. जपानमध्ये घरगुती वीज १०० व्होल्टची असते आणि तिथल्या बाजारासाठीच्या यंत्रावर बहुधा तेवढंच छापलेलं असतं. मी एकदा उतावीळपणे तिथला कॅसेट डेक थेट भिंतीत खुपसला. ‘फट्’ झालं, जळका वास आला. फ्यूजच गेला असेल अशी समजूत घातली. गेला होता आतला ट्रान्सफॉर्मर.

तेव्हा २३० चे १०० करणारा स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर हवाच, तोही अ‍ॅम्प्लिफायरच्या कमाल वापरापेक्षा ऐसपैस क्षमतेचा. तो गुणगुणतो, म्हणून जरा लांब ठेवा.

उद्या रेकॉर्ड प्लेअरचाही मोह होईल (होतोच!), तर खरी मेख तिथे आहे. पूर्व जपानात वीज ५० हर्ट्‌झची, पश्चिमेत ६० (हर्ट्‌झ म्हणजे विजेचा प्रवाह सेकंदाला किती वेळा हेलकावतो तो आकडा). ट्रान्सफॉर्मर व्होल्ट बदलतो, हर्ट्‌झ नाही. ६० वर बेतलेली सिंक्रोनस मोटर (जिचा वेग हर्ट्‌झवरच ठरतो) आपल्याकडच्या ५० वर चालवलीत, तर तबकडी एक षष्ठांशाने मंदावते आणि गायिकेचा गायक होतो.

मध्यस्थ जपानमधल्या आपल्या पत्त्यावर माल घेऊन पुढे पाठवतो. त्याचं कमिशन, दोनदा टपालखर्च, वर सीमाशुल्क, हे आधीच मांडा. वॉरंटी मात्र सहसा जपानपुरतीच असते.