रायडिंग इन्स्ट्रक्टर व्हायचंय, कुठलं सर्टिफिकेट करू?

अगं, तू चोवीस वर्षांची म्हणजे माझ्या भाचीच्या वयाची, तेव्हा सरळ अगंतुगंच करते. तुझा प्रश्न मला कळला तो असा की एनसीसीच्या आर अँड व्हीमध्ये, म्हणजे घोडेस्वारीच्या तुकडीत, घोडा शिकलीस, आता पुण्यातल्या एका क्लबाने शनिवार-रविवार छोट्यांची बॅच घेशील का म्हणून विचारलंय, हातात कागद काहीच नाही, तर इंग्लंडचं बीएचएस करू, घोडेस्वारीची जागतिक संघटना एफईआय हिचं करू की आणखी काही, आणि केल्यावर पुढे काय.

मी पण पुण्यातच शिकले, फौजेतून रिटायर झालेल्या एका उस्तादांकडे. लग्नानंतर इंग्लंडला आले, इथे यार्डवर लीद उचलण्यापासून सुरुवात केली आणि रडतखडत बीएचएसची स्टेज ३ कोच झाले, त्याला आता सहा वर्षं होतील. म्हणजे दोन्हीकडचं थोडं थोडं माहितीये.

आधी कागदांचं उरकते. बीएचएस म्हणजे ब्रिटिश हॉर्स सोसायटी, १९४७ ची संस्था. स्टेज १ ते ५ अशी चढण आहे आणि त्याच्याही वर फेलोशिप. स्टेज २ पासून शिकवण्याची परीक्षा असते, पण लोक कोच म्हणून खरं धरतात ते स्टेज ३ ला. पूर्वी त्याच पातळीला एआय, म्हणजे असिस्टंट इन्स्ट्रक्टर, म्हणायचे, जुनी माणसं अजून तेच म्हणतात. जर्मनीत ट्रेनर सी, बी, ए अशी उलटी अक्षरं, आणि पोटापाण्यासाठी घोड्यातच राहायचं असेल तर तीन वर्षांची रीतसर उमेदवारी. फ्रान्समध्ये पैसे घेऊन शिकवायचं तर सरकारमान्य डिप्लोमा लागतोच. इंग्लंडमध्ये गंमत अशी की शिकवणाऱ्याला कायद्याने कागद लागत नाही, लायसन्स लागतं ते रायडिंग स्कूलला, कौन्सिलकडून. पण विमा काढायला गेलीस की पहिला प्रश्न क्वालिफिकेशन काय. एफईआयचे कोचिंग कोर्स देशाच्या फेडरेशनमार्फत होतात, म्हणजे आपल्याकडे ईएफआय, भारताचं घोडेस्वारी फेडरेशन, तेव्हा त्यांच्याकडे आणि तुझ्या राज्य संघटनेकडे चौकशी करून ठेव.

आता माझं मत. आत्ता लगेच कुठल्याच कोर्सला पैसे भरू नकोस. तुला घोडा येतो, शिकवता येतं का ते अजून तुलाही माहीत नाही आणि क्लबालाही नाही. मलाही हेच माहीत नव्हतं, आणि ते कळायला मला एक अख्खी परीक्षा नापास व्हावं लागलं.

स्टेज ३ ला राइड झालं, केअर झालं, लंजिंगही (लांब दोरीवर घोडा गोल फिरवणं) झालं, आणि टीचमध्ये आपटले. अकरा-बारा वर्षांची एक मुलगी शिकवायला दिली होती, ट्रॉटला, म्हणजे दुडक्या चालीला, तिची टाच सारखी वर. मी आपली उस्तादांची चेली, त्यांचं 'एड्डी नीचे' कानात भरलेलं, तेच इंग्रजीत सुरू केलं, हील्स डाउन, हील्स डाउन, वीस मिनिटं तेच. नंतर असेसर, म्हणजे परीक्षक बाई, शांतपणे म्हणाल्या, किती वेळा म्हणालीस? आणि टाच खाली आली का? मग त्यांनी मुलीला थांबवलं, दोन्ही रिकिबी, म्हणजे पाय ठेवायची कडी, पट्ट्याच्या दोन-दोन भोकांनी वर घेतल्या आणि म्हणाल्या आता जा. टाच आली की खाली! रिकीब लांब होती म्हणून ती पोर पायाच्या बोटांनी ती शोधत होती, त्यात गुडघे आवळत होती, गुडघे आवळले की पाय वर सरकतो, मग टाच कशी खाली राहणार. आणि मी चढायच्या आधी माप घेतलंच नव्हतं, बोटांची टोकं खोगिराला रिकीब अडकते त्या बारला लावायची आणि रिकीब काखेपर्यंत येते का बघायचं, हे मी स्वतःसाठी रोज करते गं, तिच्यासाठी केलं नाही. तंग, म्हणजे खोगिराचा पोटाखालचा पट्टा, मात्र तपासला होता, चढायच्या आधी आणि चढल्यावर परत, कारण काही घोडे तंग आवळताना पोट फुगवतात आणि दहा पावलांनी तो सैल पडतो, हे उस्तादांनी पहिल्याच आठवड्यात डोक्यात बसवलं होतं. ते परीक्षेत कामाला आलं म्हणजे उस्तादांना नावं ठेवायला नकोत. आपल्याकडच्या बऱ्याच क्लबांचा डोलारा रिटायर्ड फौजी उस्तादांवरच उभाय, बॅलन्स आणि हिंमत ते अशी देतात की इथली पोरं बघत राहतील. फक्त त्यांची पद्धत वीस बावीस वर्षांच्या जवानांसाठी बनलीये आणि तुझ्यासमोर येणार आठ वर्षांची मुलं, ज्यातली अर्धी आईबाबांनी ढकललेली. २०२३ ला हांगझोउच्या एशियाडमध्ये ड्रेसाजचं, म्हणजे घोड्याच्या शिस्तबद्ध चालींच्या स्पर्धेचं, टीम गोल्ड भारताला आलं ना, त्या टीममधले चौघंही युरोपात राहून तयारी करत होते. घोडे हे एक कारण आहेच, पण रोज उठून बारीकसारीक चुका दाखवणारा कोच हे दुसरं.

म्हणून सहा महिने क्लबातल्या सीनियर उस्तादांच्या बॅचला असिस्टंट म्हणून उभी राहा, फुकट असेल तरी चालेल. रोज एक वही. कुठल्या मुलाला काय सांगितलं, काय बदललं, काय नाही. आठवड्यातून एकदा कठड्यावर मोबाइल ठेवून स्वतःचा क्लास शूट कर आणि घरी बघ, पहिल्यांदा स्वतःचा आवाज ऐकून कसंतरी होतं पण सवय होते. एकच सूचना तीनदा देऊन फरक पडला नाही तर चौथ्यांदा देऊ नकोस, मुलाला थांबव आणि खोगीर, रिकीब, घोडा, भीती यातलं काय आडवं येतंय ते शोध. फर्स्ट एडचा कोर्स मात्र आत्ताच कर, रेड क्रॉस किंवा सेंट जॉन अँब्युलन्स दोघांचेही असतात. आणि लंजिंग नीट शिक, कारण नवशिक्याच्या हातातून लगाम काढून घेऊन नुसतं बसायला शिकवायचं तर तोच मार्ग.

पुढे काय म्हणशील तर इथे बीएचएसच्या अॅक्रेडिटेड कोच यादीत राहायचं तर फर्स्ट एड आणि सेफगार्डिंग, म्हणजे मुलांच्या सुरक्षिततेचं प्रशिक्षण, ताजं ठेवावं लागतं, पोलीस रेकॉर्ड तपासतात, आणि ठरावीक काळाने सीपीडी म्हणजे स्वतःचं शिक्षण चालू असल्याचं दाखवावं लागतं. बरेच जण नावापुरता एखादा लेक्चरचा दिवस उरकतात, मला तरी त्यातून फार काही मिळालं नाही. मिळालं ते दुसरी कोच माझा क्लास बघून नंतर चहावर जे बोलली त्यातून, आणि दर महिन्याला स्वतः कुणाकडे तरी लेसन घेतला त्यातून. आपण विद्यार्थी झालो की लगेच आठवतं, तीन सूचना एकदम आल्या की डोकं कसं बंद पडतं.

सेफगार्डिंगचं आपल्याकडे कुणी बोलत नाही म्हणून लिहिते. मुलाचा पाय जागेवर बसवायला हात लावायचा असेल तर आधी विचार, 'पायाला हात लावू का', आणि पालकांच्या नजरेसमोर कर. उस्ताद हसतील, हसू देत.

सहा महिन्यांनी वही भरली आणि तरी हे करावंसं वाटलं तर बीएचएस जरूर कर, परीक्षेला बसायला त्यांची गोल्ड मेंबरशिप लागते तेवढं बजेटमध्ये धर. आणि क्लबाला हो म्हणायच्या आधी एवढं विचारून घे की मूल पडलं तर विमा कोणाचा, आणि उत्तर लेखी माग. तोंडी 'आम्ही बघू' म्हणाले तर अजून हो म्हणू नकोस.