हार्ट अटॅक, कार्डियाक अरेस्ट, हार्ट फेल : तिन्ही एकच का?

प्रश्न असा आलाय की पेपरात 'हृदयविकाराच्या झटक्याने निधन' छापून येतं, डॉक्टर 'कार्डियाक अरेस्ट' म्हणतात आणि घरातली म्हातारी माणसं 'हार्ट फेल झालं' म्हणून मोकळी होतात, तर हे तिन्ही एकच का, आणि अरेस्टला मराठीत धड शब्द आहे का.

एकच नाहीत. अटॅकमध्ये हृदयाच्या स्नायूला रक्त पुरवणारी नळी चोंदते आणि तेवढा स्नायू मरायला लागतो. माणूस बहुतेक वेळा शुद्धीवर असतो, छातीत दाबल्यासारखं होतंय, हात दुखतोय असं स्वतः सांगतो, घामानं डबडबलेला असतो आणि तरी 'पित्त झालं असंल, सोडा आणा' म्हणत तासभर घालवतो. अरेस्टमध्ये सांगायला तो शुद्धीवर राहतच नाही, हृदयाचं रक्त ढकलणंच थांबतं आणि काही सेकंदांत माणूस खाली. अटॅकमुळं अरेस्ट होऊ शकतो, मोठ्या माणसांत ते नेहमीचं कारण, पण पाण्यात बुडून, करंट बसून, रक्तातलं पोटॅशियम बिघडून, जन्मजात दोषामुळंही होतो. हार्ट फेल्युअर तिसरंच, त्यात हृदय कमजोर झालेलं असतं, पाय सुजतात, जिना चढताना दम लागतो, पण गोळ्यांवर माणूस वर्षानुवर्षं काढतो. म्हातारी माणसं ज्याला हार्ट फेल म्हणतात तो बहुधा अरेस्टच असतो.

कोल्हापुरात फुटबॉलचं उदाहरण दिलं की लगेच कळतं. १२ जून २०२१, युरो कप, डेन्मार्क-फिनलंड मॅच, ख्रिश्चन एरिक्सन कुणाचा धक्का नाही काही नाही आणि मैदानात कोसळला. तो अरेस्ट. तिथंच छाती दाबली, छातीवर विजेचा शॉक दिला, आणि गडी पुढं परत वर्ल्ड कप खेळला.

आता 'झटका'. या शब्दावर माझा राग आहे. आपल्याकडं झटका फिटचा असतो, लकव्याचा असतो, करंटचा असतो आणि हृदयविकाराचा पण असतो. अरेस्ट होताना सुरुवातीला कधीकधी अंग थोडं झटके देतं, बघणाऱ्याला वाटतं फिट आली, की लगेच कांदा हुंगवा, चप्पल हुंगवा, तोंडावर पाणी मारा. दुसरं म्हणजे आचके. हा आपला जुना अचूक शब्द आहे. हृदय थांबल्यावरही काही मिनिटं माणूस तोंड वासून मधूनच आचके देऊ शकतो, आणि भोवतालची माणसं 'श्वास चाललाय अजून' म्हणून थांबून राहतात. आचका म्हणजे श्वास नव्हे. शुद्ध नाही आणि नीट श्वास नाही म्हणजे अरेस्ट धरूनच चालायचं.

मग मराठी शब्द कुठला? 'हृदयस्तंभ' कुणी कुणी लिहितात, पण तो वाचून निम्म्या लोकांना चौकातला खांब आठवंल. जुन्या बातम्यांत 'हृदयक्रिया बंद पडून' असायचं, मला तेच आवडतं, बोलताना सरळ 'हृदय बंद पडलं' म्हणा. काहीजण आक्षेप घेतील की बऱ्याच अरेस्टमध्ये हृदय गप्प बसलेलं नसतं, खालचे कप्पे नुसते थरथरत असतात, आणि हे खरंच आहे, शॉक देतात तो ती थरथर मोडायला, म्हणजे हृदयाला स्वतःचा ठेका परत धरता येतो. मॉनिटरवर सपाट रेघ आली की सिनेमात शॉक देतात, प्रत्यक्षात तिथं शॉकचा उपयोग नसतो. तरी 'बंद पडलं' चालतंच, बॅटरीत जीव असूनही गाडी बंद पडतेच की. आणि बंद पडलेलं परत चालू करता येतं हेही त्या क्रियापदातच येतं, 'निधन'मध्ये येत नाही.

शब्दांचा हा घोळ फक्त आपला नाही बरं का. पूर्वी प्रत्येक देशाचे डॉक्टर अरेस्टमधून 'वाचले' म्हणजे काय हे आपापल्या परीनं धरायचे, त्यामुळं आकड्यांची तुलनाच होईना, म्हणून १९९० मध्ये नॉर्वेतल्या उत्स्टाइन नावाच्या जुन्या मठात संशोधक जमले आणि व्याख्या ठरवल्या, १९९१ मध्ये त्या छापून आल्या. नाडी परत लागली ही एक गोष्ट, घरी जिवंत गेला ही दुसरी, आणि मेंदू शाबूत राहिला ही तिसरी. हा काथ्याकूट नाही हे २०१८ च्या ब्रिटनमधल्या ॲड्रिनॅलिनच्या, म्हणजे अरेस्टमध्ये देतात त्या औषधाच्या, अभ्यासात दिसलं. ८००० च्या वर रुग्ण, निम्म्यांना औषध, निम्म्यांना नुसतं सलाइनचं पाणी. महिन्यानं जिवंत ३.२ टक्के विरुद्ध २.४ टक्के, म्हणजे औषधानं वाचले जास्त, पण मेंदू ठीक राहून वाचलेल्यांत फरक ठामपणे दिसला नाही. आता 'वाचला' कशाला म्हणायचं सांगा!

छाती दाबण्याला 'हृदयाची मालिश' मात्र म्हणायला नको. १९६० मध्ये बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्समधल्या तिघांनी ही पद्धत छापली, त्यातला एक कौवेनहोवेन हा विजेचा इंजिनिअर, आणि त्यांनी मसाज हाच शब्द वापरला होता, तरी आपल्याकडं मालिश म्हटलं की तालीम आणि तेल. प्रत्यक्षात छातीच्या मधोमध पाच सेंटीमीटर तरी खोल, मिनिटाला १०० ते १२० वेळा दाबायचं असतं, हलक्या हातानं चोळायचं नसतं. छाती दाबणं म्हणा. ते आणि शॉक दोन्ही नसतील तर दर मिनिटाला वाचायची शक्यता सात ते दहा टक्क्यांनी घटते.

वापराचं म्हणाल तर अटॅक येतो, अरेस्ट होतो, शॉक देतात. राहिला सीपीआर, म्हणजे हृदय बंद पडल्यावर छाती दाबून करतात तो प्रथमोपचार, आणि इथं कोल्हापूरकरांचा वेगळा प्रॉब्लेम आहे. आपल्याकडं सीपीआर म्हणजे छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालय, दसरा चौकाजवळचं. 'सीपीआरला नेलं' आणि 'सीपीआर दिला' ही दोन वाक्यं पुण्यामुंबईच्या माणसाला सांगून बघा. रंकाळ्यावर फिरताना कुणी कोसळलं आणि तुम्ही 'सीपीआर, सीपीआर' ओरडला तर चार माणसं रिक्षा बघायला पळतील, म्हणून तिथं एकाला '१०८ लाव' आणि दुसऱ्याला 'छाती दाब' एवढंच सांगा.