वाचक विचारतात: रस्त्यात टायर बसला तर काय करायचं?

प्रश्न: नमस्कार. मागच्या महिन्यात पुण्याहून कोल्हापूरला निघालो होतो, गाडीत मी, सासूबाई आणि माझा सात वर्षांचा मुलगा. खंबाटकी घाट उतरून भुईंजच्या अलीकडे आलो आणि गाडी डावीकडे ओढायला लागली, उतरून बघते तर पुढचा टायर बसलेला. डिकी उघडली तर स्टेपनीच नाही! नुसता एक छोटा पंप आणि एक बाटली. गाडी नवीन आहे, घेताना कोणी काही बोललं नाही. शेवटी एका टेम्पोवाल्या दादांनी थांबून हवा भरून दिली आणि कसंबसं पंक्चरवाल्यापर्यंत पोचलो. स्टेपनी न देता गाडी विकता येते का? आणि एकटी असताना मी काय करायला हवं होतं? (एक वाचक, पुणे)

उत्तर: ताई, तुम्ही तिघं सुखरूप पोचलात हे वाचून खूप बरं वाटलं. हो, स्टेपनी न देता गाडी विकता येते. 2020 मध्ये केंद्र सरकारने नियम बदलला, गाडीला ट्यूबलेस टायर असतील, टायरमधली हवा दाखवणारी यंत्रणा असेल आणि सोबत पंक्चर दुरुस्तीचं किट दिलं असेल तर स्टेपनी नसली तरी चालते. पण शोरूमने ते किट समोर उघडून, वापरून दाखवायलाच हवं होतं असं माझं ठाम मत आहे. चावी घेताना पेढे वाटतात, फोटो काढतात, त्यात दहा मिनिटं यासाठी काढली तर काय बिघडतं.

आता एकटं असताना. टायर बसला हे कळलं की लोक घाबरून जिथल्या तिथे थांबतात, आणि हायवेला सगळ्यात मोठा धोका तोच असतो, मागून येणाऱ्या ट्रकला तुमची गाडी थांबलीय हे कळेपर्यंत उशीर झालेला असतो. ब्रेक जोरात मारू नका, ॲक्सिलरेटरवरून पाय काढा, स्टिअरिंग घट्ट आणि सरळ धरा, हॅझर्ड लाइट लावा आणि चालण्याच्या वेगाने गाडी डावीकडे सपाट, मोकळ्या जागेत न्या. हॉटेल किंवा पंप दोन-तीनशे मीटरवर दिसत असेल तर तसंच हळूहळू तिथपर्यंत जा. टायर खराब होईल, कदाचित रिंगलाही मार बसेल, होऊ दे. टायर नवीन मिळतो. थांबल्यावर मुलाला आणि सासूबाईंना डाव्या बाजूने उतरवून रेलिंगच्या पलीकडे उभं करा, गाडीत बसवून ठेवू नका, आणि लाल त्रिकोण मागे पन्नास पावलं तरी लांब ठेवा. लोक तो गाडीला अगदी चिकटवून ठेवतात, त्याचा काही उपयोग होत नाही.

मग टायर नीट बघा. खिळा घुसलेला दिसला तर लगेच उपटू नका! ट्यूबलेसमध्ये खिळाच भोक बुजवून बसलेला असतो, हवा हळूहळू जाते, म्हणून बऱ्याचदा नुसती हवा भरली तरी पुढच्या पंक्चरवाल्यापर्यंत जाता येतं, तुमच्या टेम्पोवाल्या दादांनी नेमकं तेच केलं. तो पंप गाडीतल्या 12 व्होल्टच्या सॉकेटला लागतो, इंजिन चालू ठेवायचं म्हणजे बॅटरी उतरत नाही, आणि किती हवा भरायची ते ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर स्टिकर असतो त्यावर लिहिलेलं असतं, लहान गाड्यांना साधारण 30 ते 36 पीएसआय. हवा टिकत नसेल तर ती बाटली. त्यातलं पांढरं चिकट द्रव व्हॉल्वमधून आत जातं आणि गाडी फिरली की भोकावर जाऊन बसतं, म्हणून भरून झाल्यावर लगेच थोडे किलोमीटर हळू चालवायचं, मग थांबून हवा परत तपासायची. नंतरही ताशी 80 च्या आतच. पण बाटलीचं काम फक्त लहान भोकाचं आणि तेही रस्त्याला टेकणाऱ्या भागातलं. टायर बाजूने फाटला असेल तर बाटली, पंप, पंक्चरवाला कोणाचाच उपयोग नाही, गाडी उचलूनच न्यावी लागते.

अशा वेळी राष्ट्रीय महामार्गावर 1033 ला फोन करा, चोवीस तास चालू असतो. असुरक्षित वाटत असेल तर सरळ 112. कंपनीची किंवा विम्यातली रोडसाइड मदत असेल तर तो नंबर आजच मोबाइलमध्ये सेव्ह करा, ऐनवेळी पॉलिसीचा कागद शोधत बसायला नको.

प्रश्न: स्टेपनी होती, जॅक होता, पाना होता, पण नटच फिरेनात. जोर लावला तर जॅकवरची गाडी हलायला लागली आणि मी घाबरून सोडून दिलं. कशेडी घाटात दीड तास बसून होतो. माझं काय चुकलं? (एक वाचक, कणकवली)

उत्तर: सोडून दिलंत हे अगदी बरोबर केलंत, तेवढ्यात जॅक सटकला असता तर काय झालं असतं विचार करवत नाही. चुकला तो क्रम. नट गाडी उचलायच्या आधी सैल करायचे, चाक जमिनीला टेकलेलं असतानाच, म्हणजे ते जागेवर धरून राहतं. पाना डावीकडे आडवा येईल असा बसवायचा आणि टोकावर पायाने हळूहळू भार द्यायचा. एकेक आटा सैल झाला की बास, पूर्ण काढायचे ते गाडी उचलल्यावर. टायरवाले मशीनने नट इतके कसतात की हाताने हलत नाहीत, म्हणून डिकीत दोन फुटांचा लोखंडी पाइप ठेवा, पान्यावर चढवला की निम्मा जोर लागतो. पुढच्या वेळी टायरवाल्याकडे गेलात की शेवटचं कसणं हातपान्याने करायला सांगा, तेही स्वतः उभं राहून बघा.

आणि घाटात उतारावर जॅक लावायचाच नाही. सपाट जागा मिळेपर्यंत गाडी रेटत न्या, मग हँडब्रेक, पहिला गिअर, तिरक्या समोरच्या चाकाला पुढे-मागे दोन दगड. जमीन भुसभुशीत असेल तर जॅकखाली फळी (आपल्याकडे पावसाळ्यात तर हवीच). जॅक दाराखालच्या पत्र्याला खाच असते तिथेच लावायचा, आणि काही झालं तरी गाडीखाली हात-पाय घालायचे नाहीत. स्टेपनी बसवल्यावर नट गोल गोल नाही, समोरासमोरचे कसायचे, गाडी खाली उतरवून परत एकदा, आणि पन्नासेक किलोमीटर गेल्यावर अजून एकदा. स्टेपनी बारीक टायरची असेल तर 80 च्या पुढे जाऊ नका.

प्रश्न: ऑनलाइन पंक्चर किट घेतलंय, टोचा, सुई आणि रबरी पट्ट्या. घरच्या घरी पंक्चर काढलं तर भरवशाचं असतं का? (एक वाचक, नाशिक)

उत्तर: वेळ मारून न्यायला हो, आणि शिकून घ्याच. खिळा पक्कडीने ज्या कोनात घुसलाय त्याच कोनात बाहेर ओढा, टोचा आत-बाहेर करून भोक साफ करा, सुईत पट्टी ओवून दाबा, दोन्ही टोकं बोटभर बाहेर राहिली पाहिजेत, मग सुई झटक्यात ओढा, पट्टी आतच राहते. हवा भरून वर साबणाचं पाणी टाका, बुडबुडे आले तर अजून एक पट्टी. पण बाजूच्या भिंतीवर हा प्रयोग करू नका, तिथे पट्टी टिकत नाही आणि वेगात टायर फुटू शकतो. लांबच्या प्रवासाआधी टायरवाल्याकडे टायर रिंगवरून उतरवून आतून मशरूम पॅच (छत्रीसारखा रबरी तुकडा, दांडा भोकात बसतो आणि छत्री आतून चिकटते) मारून घ्या, आणि आधी बाटली वापरली असेल तर त्याला सांगा, आतलं द्रव पुसल्याशिवाय पॅच चिकटत नाही.

किट आलंय तर एखाद्या रविवारी टायरवाल्याकडून जुना फेकलेला टायर मागून आणा आणि त्यावर दोन-चार भोकं पाडून हात बसवा. टोचा पहिल्यांदा घालताना केवढा जोर लागतो ते अंधारात, पावसात, हायवेच्या कडेला कळायला नको.