मेल सर्व्हरवर दिवसभर लॉगिनचे प्रयत्न होतात, फेलटूबॅन (वारंवार चुकीचं लॉगिन करणाऱ्यांना अडवणारा प्रोग्राम) लावूनही थांबत नाहीत. काय करावं?

तुमच्यासारखाच पोस्टफिक्स आणि डोव्हकॉट या मेल प्रोग्रामांचा सर्व्हर मी एका छोट्या ऑफिससाठी सांभाळतो, त्यामुळे तुम्ही दिलेल्या लॉगच्या (सर्व्हरच्या नोंदींच्या) ओळी ओळखीच्या वाटल्या. आधी एक भीती घालवतो. 'ऑथेंटिकेशन फेल्ड'च्या पुढे जी अगम्य अक्षरं दिसतायत, तो कुणाचा फुटलेला पासवर्ड नाही. सर्व्हरने विचारलेला 'पासवर्ड:' हा शब्दच तिथे बेस64 या सांकेतिक लिखाणात उमटलाय. मीही पहिल्यांदा रात्री अकराला सगळ्यांचे पासवर्ड बदलायला निघालो होतो.

फेलटूबॅन बिघडलेलं नाही. मूळ सेटिंगप्रमाणे ते 10 मिनिटांत 5 चुका झाल्या तरच आयपी (समोरच्याचा इंटरनेटवरचा पत्ता) अडवतं, तेही 10 मिनिटांपुरतं. हल्ली बॉट (आपोआप लॉगिन करून बघणारे प्रोग्राम) शहाणे झालेत. एक आयपी तासाभरात एकदोनदाच दार वाजवतो, मग दुसरा येतो. फाइंडटाइम (चुका मोजायचा काळ) एक दिवस, मॅक्सरिट्राय (चुकांची मर्यादा) 3 आणि बॅनटाइम (अडवायचा काळ) एक आठवडा करून बघा, बरेच जण सापडतील.

पण आयपींच्या मागे किती धावणार? मला खरा फरक पडला तो पोर्ट 25 वरचं लॉगिनच बंद केल्यावर. ते पोर्ट दुसऱ्या सर्व्हरकडून मेल घेण्यासाठी आहे, तिथे पासवर्ड विचारायचं कारणच नाही. पोस्टफिक्सच्या मेन डॉट सीएफ या सेटिंगच्या फाइलमध्ये एसएएसएल ऑथ (पासवर्डने लॉगिन) 'नो' करा आणि मास्टर डॉट सीएफमध्ये फक्त 587 आणि 465 या, आपल्या माणसांनी मेल पाठवायच्या पोर्टच्या नोंदीखाली 'येस' द्या. माझ्या लॉगमधला बहुतेक कचरा त्याच दुपारी गेला. सोबत ऑफिसातला स्कॅनरही मुका झाला, कारण तो बिचारा वर्षानुवर्षं 25 वरूनच लॉगिन करत होता! त्याला 587 दिलं. तुमच्याकडेही असं एखादं जुनं यंत्र असेल, आधी शोधून ठेवा.

फेलटूबॅन कडक करण्याआधी ऑफिसचा स्थिर आयपी इग्नोरआयपीमध्ये (कधीच न अडवायच्या आयपींच्या यादीत) टाकायला विसरू नका. मी विसरलो होतो. साहेबांनी पासवर्ड बदलला, पण त्यांच्या टॅबमध्ये जुनाच राहिला. टॅब तोच पासवर्ड पुन्हा पुन्हा पाठवत बसला आणि सकाळी साडेदहाला अख्ख्या ऑफिसचं मेल ठप्प. सगळे एकाच राउटरमागे, आयपी एकच.

उरलेले प्रयत्न चालूच राहतील, त्यांची फार चिंता करू नका. 'टेस्ट', 'इन्फो', सोडून गेलेल्या माणसांची खाती मात्र आजच तपासा. बॉट हीच नावं आधी घेतात, आणि 'टेस्ट'चा पासवर्ड बहुतेकदा 'टेस्ट123' असतो. आमच्याकडेही होता.