माँटगोमेरीबाईंच्या 'ॲन ऑफ ग्रीन गेबल्स' कादंबरीमालिकेतलं शेवटचं पुस्तक 'रिला ऑफ इंगलसाइड' खूप रडवतं म्हणतात, वाचू का?

वाचा. सात पुस्तकं झालीयेत आणि आठवं सहा महिने कपाटात पडून आहे असं तुम्ही लिहिलंय, माझंही तसंच झालेलं.

ॲनचा मुलगा वॉल्टर युद्धात मरणार हे तुम्हाला सहाव्यातच कळलं असेल ना? 'रिला' आलं १९२१ला आणि सहावं 'ॲन ऑफ इंगलसाइड' १९३९ला, त्यामुळे माँटगोमेरीबाईंनी त्यात आधीच सांगून टाकलंय. क्रमाने वाचणाऱ्याला मग सातव्यात तो कविता करत हिंडताना दिसला की नुसतं पोटात तुटतं. म्हणजे सगळ्यात मोठा धक्का तुम्ही पचवलायच.

मला जास्त त्रास झाला तो वाट बघण्याचा. कॅनडातल्या प्रिन्स एडवर्ड आयलंडवरचं एवढंसं गाव, पहिल्या महायुद्धाची लढाई तिकडे फ्रान्समध्ये, आणि इकडे फोनची रिंग वाजली तरी सगळ्यांचा जीव मुठीत. ॲनच्या घरी स्वयंपाकपाणी बघणारी सुझन पेपरातली परदेशी नावं वाचत रणनीतीवर बोलायला लागते. वॉल्टरचा मोठा भाऊ जेम लढाईवर गेला तेव्हापासून त्याचा कुत्रा मंडे स्टेशनवरून हललाच नाही, येणारी प्रत्येक गाडी बघतो. आणि १९१६च्या सप्टेंबरात एका रात्री तो रात्रभर रडतो, सगळ्यांना वाटतं जेमचंच काहीतरी झालं, आणि मग तार येते ती वॉल्टरची, फ्रान्समधल्या कुर्सेलेतच्या लढाईत गेल्याची. त्यानंतर त्याचं आदल्या रात्री लिहिलेलं पत्र त्याच्या धाकट्या बहिणीच्या, रिलाच्या हातात पडतं. मी तिथे पुस्तक मिटलं आणि दोन दिवस उघडलंच नाही.

माझा मामा फौजेत होता, आजी पोस्टमनच्या सायकलची घंटा ऐकली की हातातलं काम टाकून ओट्यावर यायची, पत्र आलेलं असो नसो. बाईंनी हे कसं लिहिलं असेल असं वाटायचं, नंतर कळलं की युद्धाच्या वर्षांत त्या ऑन्टारिओतल्या लीस्कडेल गावी होत्या, नवरा पाद्री, म्हणजे ज्यांची मुलं गेली त्या घरांत जाणंयेणं असणारच.

एक गोष्ट मला नाही पटली, युद्ध पवित्र, बलिदान थोर हे पुस्तकात फार वेळा येतं, आणि लढायला न जाणाऱ्या माणसाला खलनायकच करून टाकलंय. तिथे मला राग आला. पण पंधरा वर्षांची, नाचगाण्याची स्वप्नं बघणारी रिला सुपाच्या भांड्यात आई गेलेलं एक बाळ घालून घरी आणते आणि तिला मुळात बाळं आवडतच नाहीत, हे सगळं इतकं खरं वाटतं की राग टिकत नाही.

मंडेचं पुढे काय होतं ते सांगत नाही. फक्त शेवटची प्रकरणं लोकलमध्ये वाचायला घेऊ नका, घरी निवांत बसून वाचा.