स्टुडिओत उमेदवारी करून मिक्सिंग-रेकॉर्डिंग शिकता येतं का?

येतं, आणि माझ्या मते कान तयार व्हायला याहून चांगली जागा नाही. ध्वनिमुद्रक जेफ एमरिक १९६२ मध्ये लंडनच्या ईएमआय स्टुडिओत मदतनीस म्हणून लागले आणि १९६६ मध्ये बीटल्सचं रेकॉर्डिंग सांभाळू लागले.

सुरुवातीचे महिने केबल गुंडाळणं, माइक लावणं, फाइलींना नावं देणं, बॅकअप घेणं यातच जातील. कंटाळू नका. खरं शिक्षण माइक लावतानाच होतं: माइक दोन इंच सरकवला की गिटारचा आवाज किती बदलतो, हे हेडफोन लावून स्वतः ऐका. दोन वाद्यांना दोन माइक असतील, तर माइकमधलं अंतर प्रत्येक माइक आणि त्याचं वाद्य यांच्यातल्या अंतराच्या निदान तिप्पट ठेवतात; नाहीतर फेजच्या गडबडीने, म्हणजे एकच आवाज दोन्ही माइकमध्ये किंचित मागेपुढे पोचून काही अंशी स्वतःलाच खोडतो म्हणून, आवाज पोकळ होतो. लेव्हलही, म्हणजे रेकॉर्ड होणाऱ्या आवाजाची पातळी, बेताची ठेवा. २४ बिट डिजिटल रेकॉर्डिंगमध्ये आवाजाची शिखरं उणे १२ डेसिबलच्या (शून्य ही कमाल मर्यादा) आसपास राहिली तरी काही बिघडत नाही, क्लिप झालेला, म्हणजे मर्यादा ओलांडून फाटलेला टेक मात्र परत मिळत नाही.

मिक्सिंग घरी, रोज, कमी आवाजात करा. आणि रुजू होण्याआधीच विचारून घ्या की सेशनला आत बसू देणार का? नुसतं बाहेर थांबवणार असतील तर दुसरा स्टुडिओ बघा.