घरी शिकणाऱ्या मोठ्या मुलाकडून गणिताचे लांबलचक संकीर्ण प्रश्नसंग्रह कसे सोडवून घ्यावेत?

तुम्ही लिहिलंय की मुलगा पंधरा वर्षांचा आहे, शाळेत जात नाही, बालभारतीच्या पुस्तकांवरून घरीच दहावीची तयारी चालू आहे. सरावसंच भराभर होतात, पण धड्याच्या शेवटी संकीर्ण प्रश्नसंग्रह आला की दोन-दोन तास वही उघडी ठेवून बसतो आणि शेवटी घरात वादावादी. एका बैठकीत पूर्ण करून घ्यावा की रोज पाच गणितं ठरवून द्यावीत, असा तुमचा प्रश्न आहे. आमची थोरली १७ नंबरचा फॉर्म (शाळेत न जाता बाहेरून परीक्षेला बसण्याचा) भरून दहावी झाली, धाकट्याचं आता चालू आहे. त्या अनुभवावर सांगते.

माझ्या मते दोन्ही नको. पाचातलं एक गणित दोन ओळींत सुटतं आणि दुसरं अख्खं पान खातं, त्यामुळे ‘रोज पाच’ हे माप कामाचं नाही. घड्याळ लावा. या वयाला ३५ ते ४० मिनिटं सलग पुरतात. वेळ झाली की हातातलं गणित संपवायचं आणि वही मिटायची, मग चार झालेली असोत की अकरा. रेंगाळून सुटका होत नाही आणि घाई करून लवकर उठताही येत नाही, हे एकदा कळलं की वादावादीचं निम्मं कारण जातं. हुशार मुलं फार लवकर ओळखतात की पटपट सोडवणाऱ्याला आई अजून दोन गणितं देते!

आता खरा मुद्दा. संग्रह संपेपर्यंत पुढचा धडा अडवून ठेवू नका. नवा धडा सुरू करा आणि मागचा संग्रह त्याच्या सोबतीने थोडाथोडा चालू द्या. मी विषम क्रमांकाचे उपप्रश्न धडा संपल्यावर लगेच घेते, सम क्रमांकाचे तीन-चार आठवड्यांनी, मध्ये दुसरे धडे होऊन गेल्यावर. सुरुवातीचे बहुपर्यायी प्रश्न तर अगदी शेवटी, उजळणी म्हणून.

यामागचं कारण शिडीच्या गणितात दिसतं. शिडी गणित भाग २ च्या पुस्तकात पायथागोरसच्या धड्यात भेटते आणि त्रिकोणमितीतही भेटते. पहिल्या ठिकाणी मुलं प्रश्न पुरता न वाचताच वर्ग करायला लागतात, दुसऱ्या ठिकाणी साइन-टॅन लिहायला लागतात, कारण काय करायचं ते धड्याच्या नावानेच सांगून टाकलेलं असतं. प्रश्नपत्रिकेत धड्याचं नाव नसतं. दोन बाजू दिल्यात की एक बाजू आणि कोन दिलाय, हे आधी बघायचं असतं, आणि नेमकं हेच बघायची सवय सलग संग्रह सोडवून लागत नाही. पायथागोरसची तीन आणि त्रिकोणमितीची तीन गणितं चिठ्ठ्यांवर उतरवून मिसळून द्या आणि सोडवण्याआधी फक्त ‘कोणतं प्रमेय, कोणतं सूत्र’ एवढंच विचारा. पहिल्या दिवशी मुलगा वैतागेल. वैतागू द्या.

हे माझंच डोकं नाही. अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ डग रोहरर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सातवीच्या मुलांवर केलेला प्रयोग २०१५ साली प्रसिद्ध झाला. वेगवेगळ्या प्रकारची गणितं मिसळून सोडवलेल्या मुलांना नंतरच्या चाचणीत जास्त गुण पडले, आणि चाचणी महिनाभराने घेतली तेव्हा हा फरक आणखी वाढला.

मग सगळा संग्रह पूर्ण व्हायलाच हवा का? नाही. एकाच जातीची तीन गणितं मदत न घेता बरोबर आली तर त्या जातीची उरलेली सोडून द्या. पहिली दोन चुकली तर मात्र तिथेच थांबा आणि त्या मुद्द्याच्या सरावसंचाकडे मागे जा. चुकत-चुकत पुढे जाण्यात काय होतं ते सांगते. २क्ष² − ७क्ष + ६ = ० हे वर्गसमीकरण सूत्राने सोडवायचं होतं. त्यासाठी आधी बी² − ४एसी काढायचं असतं. इथे बी म्हणजे −७ आणि ४एसी म्हणजे ४८. थोरली बीचा वर्ग −४९ लिहायची. मग −४९ − ४८ = −९७, आणि खाली ठसठशीत अक्षरात ‘मुळे वास्तव नाहीत’. खरं तर ४९ − ४८ = १ आणि मुळे २ व ३/२. ऋण संख्या कंसात घालून मगच वर्ग करायचा, एवढंच सांगायचं होतं. अशी बारा समीकरणं ती एका दमात सोडवून बसली असती तर तीच चूक हातात मुरली असती. म्हणून दर दोन-तीन गणितांनंतर पुस्तकामागची उत्तरसूची मुलालाच उघडून बघू द्या. उत्तरसूची लपवून ठेवणारे पालक मला कधी कळले नाहीत. कॉपी करणारा पोरगा मांडणीत लगेच सापडतो. प्रमेयांच्या सिद्धता मात्र तुम्हालाच वाचाव्या लागतील.

भौमितिक रचना या मिसळणीत घेऊ नका. कंपास, पट्टी, टोक केलेली पेन्सिल काढण्यातच दहा मिनिटं जातात. त्यांना वेगळा दिवस द्या.

एवढं करूनही रोज अडत असेल तर वेग हा प्रश्नच नाही. सातवी-आठवीचे अपूर्णांक किंवा चिन्हांचे नियम कच्चे आहेत का ते बघा. तेवढ्यासाठी आठवडाभर दहावीचं पुस्तक बंद राहिलं तरी बिघडत नाही.

परीक्षेला दोन तास सलग बसायची सवय कशी लागणार, ही तुमची शंका रास्त आहे. ती सवय संग्रहातून लावू नका. बोर्डाचे भाग १ आणि भाग २ हे दोन्ही पेपर प्रत्येकी ४० गुणांचे आणि दोन तासांचे असतात, म्हणजे एका गुणाला तीन मिनिटं. दिवाळीनंतर आठवड्यातून एकदा, सकाळी, फोन दुसऱ्या खोलीत ठेवून, एक जुनी प्रश्नपत्रिका पूर्ण सोडवायची. बाकीचे दिवस तेच ३५-४० मिनिटांचे.

अर्थनियोजनाच्या धड्याला मात्र माझा घड्याळाचा नियम जरा लंगडा पडतो. जीएसटी, शेअर्स, म्युच्युअल फंड यांच्या गणितांत आकडेमोडच इतकी की ४० मिनिटांत तीन-चारच होतात आणि मुलाला वाटतं काहीच झालं नाही. तिथे मी अर्ध्या गणितांची फक्त मांडणी करून घेते: काय दिलंय, काय काढायचंय, कोणतं सूत्र, आणि थांब. बोर्डाच्या परीक्षेत कॅल्क्युलेटर चालत नाही, त्यामुळे आकडेमोडीचा हात हवाच, पण त्यासाठी दिवसाला एक गणित शेवटपर्यंत नेलं तरी पुरतं.